माळवदाचं वजन

माझी बदली औंढा नागनाथ तालुक्यातल्या त्या खेड्यात झाली तेव्हा मला विज्ञान शिकवायला लागून आठ वर्षं झाली होती. गाव जवळा बाजारहून आत वळणाऱ्या रस्त्यावर, शाळा आठवीपर्यंतची. हिंगोलीहून रोज येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मुख्याध्यापकांनी माझ्यासाठी गावातच एक खोली बघून ठेवली. घर एका म्हाताऱ्या गवंड्याचं होतं. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले. त्यांची दोन्ही मुलं नांदेडला फरशी बसवायच्या कामावर होती. घरात चाचा आणि चाची दोघंच.

घर माळवदाचं. म्हणजे वर स्लॅब नाही, पत्रे नाहीत, मातीचं सपाट छत. लाकडी खांब, खांबांवर जाड तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर कपाशीच्या वाळलेल्या पळाट्या आणि लिंबाचा पाला, आणि त्यावर गावठाणातली पांढरी माती. दर उन्हाळ्यात, पाऊस लागायच्या आधी, त्यावर नवा थर टाकायचा, पाणी शिंपडायचं आणि लाकडी चोपण्याने ठोकून घट्ट करायचा. माझी खोली जूनच्या उकाड्यातही माठासारखी गार राहायची. फक्त वरून बारीक माती गळत असे. तपासायच्या वह्यांवर, उशीवर, चहाच्या कपात. मी खाटेच्या वर एक जुनी चादर बांधली. आठवड्याने ती मधोमध खाली लोंबायला लागायची, मग मी ती अंगणात नेऊन झटकायची.

चाचांना त्यांच्या माळवदांचा अभिमान होता. "या गल्लीतली निम्मी घरं माझ्या हातची हायेत म्याडम," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "एकातून बी थेंब गळत न्हाई. माती टाकायला मी कधी कंजूषी केली न्हाई."

त्या भागात जमिनीखालून आवाज येतात, भूकंपाचे बारीक धक्के बसतात. मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले असतील, मी फळ्यावर आकृती काढत होते आणि पायांखाली काहीतरी घरंगळत गेलं. खिडकीचे गज थरथरले. पोषण आहाराच्या ताटल्या व्हरांड्यात एकमेकींवर वाजल्या. मी खडू टाकून भिंतीला धरलं. मुलं मात्र रांगेत उठली आणि निमूटपणे मैदानात जाऊन उभी राहिली. आठवीतली एक मुलगी माझ्यासाठी दारात थांबली होती.

"चला म्याडम भाहीर," ती म्हणाली. "थोड्या टायमानं बसू परत."

ही मुलगी आमच्याच गल्लीत, चाचांच्या घराच्या समोर राहायची. वडील ट्रकवर ड्रायव्हर, बहुतेक वेळ वारंगा फाट्याकडे किंवा त्याहून लांब. घरी आई, ती आणि दोन लहान भाऊ. वर्गात फार बोलत नसे, पण एकदा प्रश्न डोक्यात शिरला की उत्तर मिळेपर्यंत सोडत नसे.

जुलैत घनतेचा धडा आला. वस्तुमान, आकारमान आणि घनता. हा धडा मी आठ वर्षं एकाच पद्धतीने शिकवत आले होते. सूत्र फळ्यावर लिहायचं, दोन उदाहरणं सोडवायची, लोखंड बुडतं आणि लाकूड तरंगतं ते का, हे सांगायचं. त्या वर्षी मी जरा जास्त उत्साहाने घरचा वजनकाटा शाळेत नेला आणि तेलाचा एक लिटरचा डबा वरून कापून माप तयार केलं. डबा पाण्याने भरला, एक किलो. सोयाबीनने भरला, पाऊण किलो. मग शाळेमागच्या पांढरीतली वाळलेली माती दाबून भरली, दीड किलो. डबा तोच, जागा तेवढीच, वजन वेगळं. वस्तुमान म्हणायचं, वजन नाही, असं मी मुलांना सारखं बजावत असे. इथे मीच वजन लिहीत चालले आहे, कारण नंतर जे झालं त्याला दुसरा शब्द मला सुचत नाही.

मग मी त्या मातीच्या भरलेल्या डब्यात हळूहळू पाणी ओतलं. माती पाणी पीत गेली. जवळजवळ चारशे मिली पाणी आत गेलं तेव्हा कुठे वर ओल चमकली. काटा एक किलो नऊशेवर आला.

समोरची मुलगी उठून उभी राहिली. "म्याडम, डबा तर आधीच भरेल होता. मंग पाणी मावलं कुठं?"

"मातीच्या कणांत फटी असतात," मी म्हणाले. "त्यात हवा होती. हवा निघाली, तिथं पाणी बसलं. आकारमान तेवढंच राहिलं, वस्तुमान वाढलं. म्हणजे काय वाढलं?"

"घनता," वर्ग एका सुरात म्हणाला.

घरचा अभ्यास म्हणून मी सांगितलं, की जी वस्तू काट्यावर ठेवता येत नाही तिची मापं घ्या आणि वस्तुमान काढून आणा. दुसऱ्या दिवशी कोणी विहिरीतल्या पाण्याचा हिशेब आणला, कोणी सिमेंटच्या खांबाचा. एकाने म्हशीला दोरी गुंडाळून पाहिली होती आणि लाथ खाल्ली होती. वर्ग हसत होता. त्या मुलीच्या वहीत लिहिलं होतं: आमच्या माळवदाची माती, सत्तावीस हजार किलो.

मी लाल पेनने त्यावर काट मारली.

"काहून खोडलं म्याडम?"

"दशांश चिन्ह चुकलं असेल. दोन हजार सातशे असेल."

"न्हाई म्याडम. मी तीनदा केलं."

मी तिला फळ्यावर बोलावलं. लांबी सहा मीटर, रुंदी चार मीटर. जाडी पंचाहत्तर सेंटिमीटर.

"जाडी कशी मोजलीस?"

"उजेडासाठी वरतून भोक ठेवलंय ना, त्यात पट्टी घालून. अडीच फूट भरली."

सहा गुणिले चार, चोवीस. गुणिले पाऊण, अठरा घनमीटर. डब्याच्या हिशेबाने एका घनमीटरला दीड हजार किलो. मी खडूने एकेक पायरी पुन्हा केली. सत्तावीस हजार. तिचं बरोबर होतं आणि माझी लाल काट चुकीची होती.

"मी दुसरं बी काढलंय," ती म्हणाली. "डब्यासारखं पाणी पिलं तर चौतीस हजार दोनशे. म्हंजे उन्हाळ्यात आपल्याकडं टँकर येतो ना, तेवढं पाणी वर चढतं."

 वर्गातल्या निम्म्या मुलांची घरं माळवदाची होती. दोघं-तिघं मान वर करून वर्गाच्या स्लॅबकडे बघत होते. मी शिक्षकांनी म्हणायचं ते म्हणाले. "शाब्बास. अगदी बरोबर आहे." आणि पुढच्या धड्याकडे वळले.

घरी आल्यावर मी खाटेवर बसले आणि चादर बाजूला करून वर बघितलं. इतके दिवस मी तुळया, फळ्या, कोळिष्टकं बघत होते. त्या संध्याकाळी मला फळ्यांच्या वरचं दिसायला लागलं. मधली तुळई सरळ नव्हती. ती आधीपासून तशी होती की मला आता तशी दिसत होती, हे मला ठरवता येईना.

चहाच्या वेळी मी चाचांना आकडा सांगितला. ते मोठ्याने हसले. "पोरगी हुशार हाय. पण कागदावर काय बी वजन होतं म्याडम."

"तिच्या घरावर माती कोणी टाकली?"

"मीच. तिच्या आज्याच्या टायमापासून. चाळीस साल झाले." मग ते बोटं मोजू लागले. "सालाला पन्नास घमेली धरा. कधी साठ. एका घमेल्यात पंधरा किलो तर ऱ्हाईलच." ओठ हलत होते. "चाळीस साल." ते थांबले. पुन्हा पहिल्या बोटापासून सुरू केलं. "पावसात वाहून जाते ना थोडी. सगळीच ऱ्हात न्हाई. पण मूळची माती बी हायेच खाली."

चाचीने विचारलं, "क्या हुआ जी?" त्यांच्या बशीतला चहा तसाच होता.

"पोरीचा हिशेब बराबर हाय," शेवटी ते म्हणाले. "लाकडाचं काय लिवलंय तुमच्या पुस्तकात? लाकूड किती झेलतं?"

"ते नाही लिहिलेलं."

"मंग ते मला बघावं लागंल."

दुसऱ्या दिवशी ते थापी घेऊन समोरच्या घरात गेले. शाळा सुटल्यावर मीही गेले. मुलीची आई भिंतीला टेकून उभी होती. चाचा स्टुलावर चढले होते आणि तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथला गिलावा खरवडत होते. लाकूड उघडं पडल्यावर त्यांनी थापीचं टोक त्यात टेकवलं आणि हलकेच दाबलं. थापी चार बोटं आत गेली. ओढली तेव्हा तिच्यावर काळपट, भिजलेल्या पेंडीसारखा लगदा आला. त्यांनी तो बोटांत चुरडला, वास घेतला आणि खाली उतरले.

"भाहीरून लाकूड चांगलं हाय," ते मुलीच्या आईला म्हणाले. "भिंतीतलं मेलंय. माती काढावी लागंल पोरी. सगळी न्हाई. अडीच फुटाची एक फूट करू, वरून ताडपत्री टाकू."

तिने नवऱ्याला फोन लावला. त्याचा आवाज मला दोन पावलांवरूनही ऐकू येत होता. त्या म्हाताऱ्याला आणि त्या म्याडमला काम नाही, तो म्हणत होता, भर पावसाळ्यात कोणी माळवद उघडतं का. ती शांतपणे ऐकत राहिली. मग फोन ठेवला. तिच्या पायाशी धाकटा मुलगा जमिनीवर ताणून झोपला होता, बरोबर त्या तुळईखाली. तिने त्याला उचलून खांद्यावर घेतलं.

"काढा चाचा," ती म्हणाली.

काम सहा दिवस चाललं. चाचांनी दोन गडी लावले होते, पण माती उकरायची कशी ते स्वतः बघत होते. एका अंगाने काढली तर भार दुसऱ्या अंगाला जाईल, म्हणून चारी बाजूंनी सारखी, चार-चार बोटांचा पापुद्रा काढायचा. एका वेळी वर दोघांपेक्षा जास्त माणसं नकोत. गल्लीत ट्रॅक्टर उभा असे. मुलगी शाळेतून आली की पायरीवर बसून ट्रॉल्या मोजायची. पाच ट्रॉल्या भरून गेल्या आणि सहावी अर्धी भरली. ती माती गावाबाहेरच्या खड्ड्यात टाकली.

"एका ट्रॉलीत तीन टन धरले तर साडेसोळा," ती मला म्हणाली. "अजून दहा टन वर हायेत म्याडम."

त्यानंतर चाचा बदलले. सकाळी नमाज पढून आले की गल्लीतल्या एकेका घरात जायचे. तुळईला बोटांच्या पेराने ठोकायचे, कान लावायचे, भिंतीतल्या टोकापाशी नाक नेऊन वास घ्यायचे. लोकांना ते आवडेना. पावसाची उघडीप बघून सोयाबीनच्या फवारण्या चालल्या होत्या, घर उघडायला कोणाला वेळ होता? पान-टपरीवर माझ्याही कानावर आलं, शाळेतल्या म्याडमनं म्हाताऱ्याच्या डोक्यात भरवलं म्हणून. एकाने चाचांना माझ्यासमोर विचारलं, "चाचा, तुमीच बांधलं आन् तुमीच खोड काढता?"

"मीच बांधलं म्हणून तर," चाचा म्हणाले.

एक शेजारी तयार झाला. त्याच्या माळवदाची माती काढायला दहा दिवस लागले, मधे पाऊस येत राहिला. बाकीचे म्हणाले, दिवाळीनंतर बघू.

त्या दिवसांत एका दुपारी, चाचा-चाची बाजाराला गेलेले असताना, मी मुलीकडून टेप मागून घेतला आणि आमच्या माळवदावर चढले. कडेला जिथे माती थोडी ढासळली होती तिथे जाडी मोजली. पंच्याऐंशी सेंटिमीटर भरली. म्हणजे तिच्या घरापेक्षाही जास्त. गवंड्याने स्वतःच्या घरावर कंजूषी केली नव्हती. मी हिशेब एका कागदावर केला. माझ्या एकट्या खोलीवर बावीस टन येत होते, कोरडे. ओल धरली तर आणखी सहा.

तो कागद मी चाचांना दाखवला नाही. का, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. गावात दुसरी खोली मिळण्यासारखी नव्हती. आणि चाचा आधीच बोलून बसले होते, "लेकरांची घरं आधी. आपलं शेवटी बघू." मी स्वतःला सांगितलं, की त्यांना माहीत आहेच, मी आणखी काय सांगणार. कागद घडी करून पेटीत ठेवला. दोन दिवसांनी खाट मधल्या तुळईखालून काढून भिंतीकडे सरकवली. चाचीने विचारलं तेव्हा मी म्हणाले, खिडकीची हवा येते इकडे.

पोळ्याच्या आधी झड लागली. जोराचा पाऊस नव्हताच. एकसारखी, बारीक, दिवसभर चालणारी पिरपिर. पहिले दोन दिवस माळवदाच्या कडेच्या पन्हाळीतून पाण्याची धार अंगणात पडत होती आणि चाची तिच्याखाली बादल्या लावत होती. तिसऱ्या दिवशी पाऊस तेवढाच होता, पण धार बारीक झाली. दुपारपर्यंत नुसते थेंब पडायला लागले.

मी दारात उभी राहून त्या पन्हाळीकडे बघत होते. चाचाही ओट्यावर बसून तिकडेच बघत होते.  बादली रिकामी होती आणि पाऊस पडतच होता. पाणी जायचं तिथे जात नव्हतं, म्हणजे ते वरच राहत होतं.

त्या संध्याकाळी माझ्या खोलीचं दार लागेना. रोज सहज लागणारं दार, आता वरच्या चौकटीला घासत होतं. चाचांनी ते दोनदा उघडून बघितलं. मग मागच्या पत्र्याच्या स्वयंपाकघरात आमच्या दोघींची अंथरुणं टाकायला सांगितली आणि लाकडाचा एक ओंडका आणून मधल्या तुळईखाली टेकू दिला. टेकू उभा करताना त्याच्या डोक्यावर पाचर ठोकावी लागते. चाचांनी पाचर हातात घेतली, पण ठोकली नाही. ती नुसती सारून बसवली.

"ठोकायची भीती वाटून ऱ्हायली," ते म्हणाले. इतक्या महिन्यांत त्यांच्या तोंडून भीती हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

चौथ्या दिवशी शाळेला सुट्टी दिली. मी आणि चाची पत्र्याखाली चुलीपाशी बसलो होतो. समोरच्या घरावरची ताडपत्री फडफडत होती, पण तिथे सगळं ठीक होतं. अकरा वाजता मला आठवलं, की माझ्या पेटीत आठवीची मूल्यमापनाची कागदपत्रं आहेत आणि खोलीत गळायला लागलं असेल. मी तसं बोलून दाखवलं. एवढंच, की पेटीत शाळेचे कागद आहेत, भिजतील.

"मी आणतो," चाचा म्हणाले.

मी त्यांना नको म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "जड आहे चाचा, दोघं जाऊ." ते म्हणाले, "बसा तुमी," आणि गेले. मी बसले.

त्या दिवशी जमिनीखालून काही आवाज आला नाही. वाराही नव्हता. आधी काहीतरी कडकडलं, आणि मग एक दबका आवाज झाला, हमालाने पाठीवरचं पोतं खाली टाकल्यासारखा. पत्र्याखालच्या भांड्यांना धक्का लागला. आम्ही बाहेर धावलो तेव्हा पावसातही दारातून मातीचा एक लोट येत होता. माझी खोली आतून भरून गेली होती. वर आभाळ दिसत होतं.

चाची दारात उभी राहून त्यांना हाका मारू लागली. समोरून मुलगी आणि तिची आई धावत आल्या, मागून चार-पाच माणसं. एक जण सरळ ढिगाऱ्यावर चढला.

"खाली उतर," आतून आवाज आला. चाचांचाच, पण फार बारीक. "वर कोणी चढू नगा. तुमचं बी वजन हाय."

तो माणूस जागच्या जागी थिजला, मग हळूहळू मागे सरकला.

चाचा भिंतीच्या कोपऱ्यात होते. तुळईचं एक टोक अजून भिंतीत अडकलं होतं आणि तिच्याखाली तिरकी पोकळी राहिली होती. त्यांचं डोकं आणि एक हात त्या पोकळीत होता. छातीखालचं सगळं चिखलात. दोघांनी तुळई उचलायला हात घातला.

"लाकडाला हात लावू नगा," चाचा म्हणाले. "तेच मला झेलून ऱ्हायलंय. माती काढा आधी. दाराकडून. हातानं काढा, फावडं नगं."

मग आम्ही हाताने माती काढत राहिलो. मी तोवर माती हजार वेळा हातात घेतली असेल, पण ती माती तशी नव्हती. घमेलं अर्धं भरलं तरी उचलताना कंबर धरत होती. बोटं आत घातली की ती बोटांना धरून ठेवायची. मी ओंजळी काढत होते आणि काढलेल्या जागी वरून दुसरी घसरत होती. मुलगी आणि तिची आई घमेली पुढे देत होत्या.  मधेच चाचा बोलायचे. "डावीकडून." "थांबा, फळी हलली." "आता काढा." एकदा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. चाची दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. मग पुन्हा आवाज आला, "श्वास घेता येईना जास्ती. छातीवरची काढा."

दीड तास लागला. बाहेर काढलं तेव्हा त्यांचं धोतर, बनियन, दाढी सगळं एका रंगाचं झालं होतं आणि उजवा पाय भलत्याच बाजूला वळला होता. जीपमधून हिंगोलीला नेताना त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोळे उघडे होते. वाटेत फक्त एकदा त्यांनी विचारलं, "पोरीचं घर?"

"उभं आहे चाचा."

मांडीचं हाड आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. तीन महिन्यांनी ते परत आले ते कुबड्या घेऊन. मुलांनी नांदेडहून येऊन ढिगारा उपसला, माती गल्लीच्या कडेला रचली आणि मागच्या जागेत पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या केल्या. मी शाळेच्या एका रिकाम्या खोलीत राहायला गेले. माझी पेटी ढिगाऱ्यातून निघाली, चेपलेली. आतले कागद कोरडे होते.

ते परत आल्यावर आठवड्याने मी तो घडी केलेला कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. ते पत्र्याखाली बाजेवर पडले होते. मी सगळं सांगितलं. माप कधी घेतलं, आकडा किती आला, आणि मी तो सांगितला नाही.

त्यांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला. त्यांना वाचता येत नव्हतं.

"किती निघालं व्हतं?"

"बावीस. ओलं झाल्यावर अठ्ठावीस."

"मी पंचवीस धरलं व्हतं," ते म्हणाले. "घमेल्यानं मोजलं. मला म्हाईत व्हतं म्याडम. तुमी सांगितलं असतं तरी मी आपलं घर आधी उघडलं नसतं." कागद परत देताना म्हणाले, "पण सांगायला पायजे व्हतं."

मी हो म्हणाले. चाचीने चहा आणून ठेवला. तिने माझ्याकडे बघितलं नाही. त्यानंतरही ती माझ्याशी पूर्वीसारखी कधी बोलली नाही, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

उन्हाळा आला. गावात माळवदांची डागडुजी सुरू झाली. चाचांच्या ढिगाऱ्याची माती गल्लीच्या कडेला होती तिथेच होती. वाळून पांढरी झालेली, माणसाच्या उंचीएवढी. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसले असताना दोन बाया घमेली घेऊन आल्या आणि ती माती भरायला लागल्या.

चाचा बाजेवरून उठायला गेले, कुबडी सापडेना. "नगा नेऊ," ते म्हणाले. "ती माती नगा नेऊ घरावर."

"काहून चाचा?" एक बाई म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती, खरंच विचारत होती. "जुनी माती हाय. चोपलेली, चाळलेली. अशी आता पांढरीत बी गावत न्हाई. तुमच्याच हातची हाय."

"माझी हालत बघितली ना तुमी?"

"तुमच्या तुळईला वाळवी लागेल व्हती म्हणतात. आमचं लाकूड सागाचं हाय." आणि तिने घमेलं डोक्यावर घेतलं.

मी गेले तिच्या मागे. तिच्या घरात जाऊन मी सगळं सांगितलं, डबा, पाणी, सत्तावीस आणि चौतीस. तिने नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं. मग म्हणाली, "पत्र्याला पैसा लागतो म्याडम. आन् उन्हाळ्यात लेकरं भाजतात पत्र्याखाली. माती न टाकली तर गळतंय. तुमीच सांगा काय करायचं." मी पाणी प्यायले आणि निघाले. सूत्रात ते कुठेच नव्हतं.

चाचांच्या मुलाने तारेचं कुंपण घालतो म्हटलं, पण तो सुट्टी संपवून नांदेडला गेला. ढीग रोज थोडा थोडा कमी होत गेला. कोणी चोरून नेत नव्हतं. जाताना लोक चाचांना सलाम करायचे, तब्येत विचारायचे. त्यांनी हळूहळू नको म्हणणं सोडलं आणि बाजेचं तोंड दुसरीकडे करून घेतलं. समोरच्या मुलीच्या आईने मात्र एक मूठही उचलली नाही. तिच्या नवऱ्याने त्या वर्षी दोन खेपांचे पैसे साठवून उरलेली माती काढली आणि पत्रे टाकले. त्या मुलीचं नाव नववीसाठी औंढ्याच्या शाळेत घातलं.

मे महिन्याच्या शेवटी माझी बदली झाली. सामान जीपमध्ये भरताना ढिगाच्या जागी नुसती सपाट, पांढरट जमीन उरली होती आणि तिच्यावर कोंबड्या फिरत होत्या. दक्षिणेकडे आभाळ भरून आलं होतं. गल्लीतल्या तीन घरांवर नवा थर पडला होता. वर माणसं ओळीने बसून तो लाकडी चोपण्यांनी ठोकत होती, धप्, धप्, एका तालात, आणि खालच्या दारांतून बारीक माती गळताना दिसत होती.